जागा दिली म्हणजे मी भित्री का?

या वेळचं पत्र धुळ्याहून आलंय. लिहिणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या, नोकरी करतात, माहेर नाशिकचं. आई आजारी असते म्हणून महिन्यातून दोन शनिवार तरी मिस्टर, नऊ वर्षांचा मुलगा आणि ताई असे तिघं कारनं नाशिकला जातात, जाताना मिस्टर चालवतात, येताना ताई. मागच्या महिन्यात जाताना मालेगावच्या पुढं एका ठिकाणी रस्त्याचं काम चालू होतं, दोन लेनची एक झालेली आणि मागं अडीच किलोमीटर लाईन. सगळ्या गाड्या डाव्या लेनमधे, उजवी लेन मात्र पार पुढच्या ड्रमपर्यंत मोकळी. मिस्टरांनी गाडी उजवीकडं काढली, सगळ्यांच्या बाजूनं पुढं गेले आणि तोंडाशी जाऊन घातली. मागून हॉर्न, एकानं काच खाली करून शिवी दिली. थोडं पुढं परत अडकले तर साहेबांनी डावीकडच्या कच्च्या पट्टीवर गाडी उतरवली आणि वर येताना एका टेम्पोला घासली. तिथं वाद झाला, टेम्पोवाल्याकडून १५०० रुपये फोनवर घेतले, मग निघाले. मागच्या सीटवरून पोरानं विचारलं, "पप्पा, आपण लाईन तोडली का?" कुणी काही बोललं नाही.

येताना ताई गाडीवर. टोलच्या पुढं सगळ्या खिडक्यांमधून सुटलेल्या गाड्या दोन लेनमधे शिरत होत्या, ताई एकेकाला जागा देत गेल्या. मिस्टर मोजत होते. "सदतीस सोडल्या तू. भित्री आहेस, भित्री." तेव्हापासून घरात बोलणं कामापुरतं. ताई विचारतात, "मी खरंच भित्री आहे का, की हे चुकतात? मी उजव्या लेनमधून ६०-७० नं शांतपणे जाते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आपल्याकडं लेनची शिस्त कुणी पाळत नाही, मग मी एकटीनं पाळून काय उपयोग?"

ताई, आधी उत्तर देऊन टाकते मग बोलू. तुम्ही भित्र्या नाही. मिस्टर चुकले, पण तुम्हाला जिथं वाटतं तिथं नाही, दुसऱ्याच ठिकाणी. आणि तुम्हीपण एका ठिकाणी चुकता, ते तर तुमच्या लक्षातच आलेलं नाही, उलट ते तुम्ही कौतुकानं लिहिलंय.

मी काही ड्रायव्हिंगमधली मास्तरीण नाही. ४७ व्या वर्षी गाडी शिकले, तीपण अमळनेरच्या गल्ल्यांमधे, आणि पहिल्यांदा हायवेला लागायची वेळ आली ती पारोळ्याजवळ. सर्व्हिस रोडच्या टोकाला जाऊन जी उभी राहिले ती उभीच. ट्रक येतोय, जाऊ दे. बस येतेय, जाऊ दे. लांब एक कार दिसतेय, तीपण जाऊ दे. मागं एक कापसाचा ट्रॅक्टर होता, त्या माणसानं एकदाही हॉर्न मारला नाही, शेवटी खाली उतरून माझ्या काचेपाशी आला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही निघता का मी निघू?" तेव्हापासून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा लांबण लावणार, चालवून घ्या.

तर ती मोकळी लेन. तुम्हाला लाज वाटली, मान खाली घातली असं लिहिलंय. का वाटली? कारण आपल्याला लहानपणापासून रांग म्हणजे काय ते पक्कं माहितीय. रॉकेलची रांग, रेशनची रांग, एसटीच्या खिडकीची रांग, शाळेत नळावरची रांग. मधे घुसला तो चोर. हे संस्कार चांगलेच आहेत, पण रस्ता म्हणजे नळ नाही ना. नळावर मागं कितीही लांब रांग गेली तरी कुणाचं अडत नाही, रस्त्यावर लाईनीची लांबी हाच मोठा त्रास असतो.

हिशोब करू, मला हिशोब आवडतो. अडीच किलोमीटरच्या लाईनीत ट्रक-कार मिळून एका गाडीमागं दहा मीटर धरा, म्हणजे झाल्या २५० गाड्या. ह्याच २५० गाड्या दोन्ही लेनमधे उभ्या राहिल्या असत्या तर लाईन सव्वा किलोमीटरची झाली असती. पुढच्या चिंचोळ्या तोंडातून मिनिटाला तेवढ्याच गाड्या निघणार, तुम्ही आधी वळा की शेवटी वळा, त्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो मागं. अडीच किलोमीटर लाईन गेली की मागच्या गावाचा फाटा बंद होतो, दूधवाला अडकतो, ॲम्ब्युलन्स अडकते, ज्याला हायवेला जायचंच नाही, नुसता रस्ता ओलांडून शेतात जायचंय, तोपण अडकतो. आणि मोकळी लेन तशीच पडून, कुणाच्याच कामाची नाही.

जर्मनीत ह्याचा नियमच आहे. लेन संपत असेल तर दोन्ही लेन शेवटपर्यंत वापरायच्या आणि अगदी तोंडाशी आल्यावर आलटून-पालटून आत शिरायचं, एक इकडची एक तिकडची, बॅगेची चेन लागते तसं. चेनचे दात बघा, एक दात इकडचा एक दात तिकडचा, कुणी कुणाची वाट अडवत नाही आणि दोन दात एकदम गेले की चेन अडकते. तिथं सरळ लेनमधल्या गाडीनं त्या संपणाऱ्या लेनमधल्या गाडीला जागा दिलीच पाहिजे, तो उपकार नसतो. मला ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं आठ आकडा शिकवला, चढावर हाफ क्लच शिकवला, हे नाही शिकवलं. तुम्हालापण नसेलच शिकवलं.

म्हणजे मिस्टर मोकळ्या लेनमधून पुढं गेले ह्यात चोरी नाही. पण थांबा, लगेच त्यांना फोन दाखवू नका. चेनचा न्याय खरा लागतो तो दोन्ही लेन भरलेल्या असताना. सगळे एका बाजूला उभे आणि आपण एकटेच भुर्रकन पुढं, ह्यात त्यांचे दहा-बारा मिनिटं वाचले आणि ते लाईनीतल्यांच्या डोळ्यासमोर वाचले, तर त्या माणसाच्या शिवीमागचा राग मला समजतो, शिवी नाही समजत. शिवाय मोकळ्या लेनमधून कशी गाडी नेली हेपण महत्त्वाचं आहे. उभ्या लाईनीच्या बाजूनं ७०-८० नं जाणं म्हणजे जीवाशी खेळ, कारण कुणीतरी वैतागून आरशात न बघता डावीकडून उजवीकडं गाडी काढतोच, नाहीतर पाय मोकळे करायला उतरलेला क्लिनर दोन ट्रकच्या मधून अचानक पुढं येतो. लाईन उभी असेल तर बाजूनं जाताना २०-३० पुरे. पुढं ड्रमपाशी आलं की इंडिकेटर द्यायचा, ज्या गाडीच्या पुढं शिरायचं तिच्या बरोबरीनं हळू चालायचं, आणि एखाद्यानं नाहीच दिली जागा तर त्याला जाऊ द्यायचं, त्याच्या मागचा देतो. नाक घुसवून समोरच्याला ब्रेक मारायला लावला की चेन तुटली.

मी स्वतः काय करते? खरं सांगू, मोकळ्या लेननं जायला मलापण अजून धीर होत नाही. निम्म्यापर्यंत जाते आणि कुणी जागा दिली की शिरते, म्हणजे दोन्हीकडची पंचाईत. पण डावीकडं उभी असले की आता पुढं जाणाऱ्याला शिव्या घालत नाही, आणि आपल्याकडं ट्रकवाले कसे दोन्ही लेन आडवून तिरपे उभे राहतात "बघू कोण जातो पुढं" म्हणून, तेपण मला आता पटत नाही.

एक फरक मात्र नीट समजून घ्या, कारण इथं बरेच हुशार लोक गडबड करतात. लेन संपत असेल तर शेवटपर्यंत जाणं बरोबर. पण लाईन कुठंतरी वळायची असेल, म्हणजे फाट्याला वळणाऱ्यांची किंवा पुलाखाली उतरणाऱ्यांची, आणि तुम्ही सरळ जाणाऱ्या चालू लेनमधून पुढं जाऊन अगदी वळणाशी गाडी तिरपी उभी करून आत घुसायचा प्रयत्न करता, तर ती सरळसरळ दांडगाई आहे, कारण तुम्ही तेव्हा ज्यांचा त्या वळणाशी संबंधच नाही त्यांचा पण रस्ता अडवता. तिथं रांग ती रांग. चुकलं वळण तर पुढं जाऊन यू टर्न घ्यायचा, पाच किलोमीटरचं डिझेल जाईल, जाऊ दे.

आता कच्ची पट्टी. इथं मिस्टरांची बाजू घ्यायला मला काहीच सापडत नाही, शोधलं मी. ती लेन नाहीच. आपल्या खान्देशात त्या पट्टीवर काय काय असतं ते तुम्ही धुळ्याच्या असल्यामुळं सांगायला नको. चैत्रात सप्तशृंगी गडाला पायी जाणारी माणसं ह्याच रस्त्यांच्या कडेनं चालतात, बायाबापड्या, कडेवर पोरं, खांद्यावर झेंडा, रात्रीसुद्धा. एरवी तिथं पंक्चर झालेला ट्रक असतो, गवताचा भारा घेतलेली बाई असते, राँग साईडनं येणारा मोटरसायकलवाला असतो (त्याच्याबद्दल स्वतंत्र लिहायला पाहिजे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर उलट दिशेनं गाडी चालवणं हे कायद्यात धोकादायक ड्रायव्हिंग म्हणून धरलंय, पण गावाचा कट दोन किलोमीटर लांब असला की माणूस उलटंच येतो, तो काय करणार असं म्हणायचा मोह मलापण होतो). लाईन लागली की ॲम्ब्युलन्सला जायला तीच पट्टी उरते. आणि वरून खाली उतरणं सोपं, खालून वर येताना डांबराची कड असते, चाक तिथं घासतं, स्टेअरिंग जास्त फिरवलं की गाडी एकदम उडी मारून लेनमधे येते. टेम्पोला घासली ती अशीच घासली असणार.

आता तुमच्या सदतीस गाड्या. मिस्टरांनी मोजल्या म्हणजे त्यांना वेळेची काळजी होती, तर वेळच मोजू. टोलवरून हळू सुटलेली एक गाडी तुमच्या पुढं शिरली की तुमचे दोन-अडीच सेकंद जातात. सदतीस गाड्यांचे झाले दीड मिनिट. धुळे ते नाशिक दीडशे किलोमीटरच्या वर आहे, वाटेत चहाला थांबता त्यात दीड मिनिट तर साखर जास्त टाक कमी टाक ह्यात जातं. म्हणजे दीड मिनिटासाठी इतके दिवस अबोला. तेव्हा भांडण वेळेचं नाहीच. मधे कुणी घातली की आपल्याला काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटतं, बाजूला बसलेल्या माणसाला तर जास्तच, कारण त्याच्या हातात स्टेअरिंग नसतं.

पण ताई, सदतीस हे जास्तच झाले हो. हे प्रेमानं सांगतेय. तुम्ही जागा देता तेव्हा ती तुमच्या एकटीच्या खिशातून जात नाही. तुमच्या मागं वीस गाड्या आहेत, तुम्ही एकाला सोडलं की त्या वीस जणांचे पण अडीच सेकंद गेले, त्यांना कुणी विचारलं नाही. एकाला सोडा, मग तुम्ही जा, तुमच्या मागचा पुढच्याला सोडेल. तुम्ही एकामागून एक सोडत राहिलात की मागचा कंटाळून बाजूनं कट मारतो, आणि शिरणाऱ्यालापण कळत नाही तुम्ही थांबलाय का झोपलाय. टोलच्या पुढं सात-आठ खिडक्यांमधून गाड्या दोन लेनमधे येतात तेव्हा हाच एकास एक हिशोब सगळ्यात जास्त कामाला येतो, कारण तिथं ना पट्टे असतात ना कुणाचा आधी हक्क असतो, नुसतं एकमेकांकडं बघून चालायचं असतं.

आणि सोडताना ब्रेक मारून सोडू नका. जपानमधे एक प्रयोग झालाय, २००८ मधे तो प्रसिद्ध झाला. २३० मीटरचा गोल रस्ता, त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना सांगितलं साधारण ३० च्या स्पीडनं एकामागून एक फिरत राहा. ना सिग्नल, ना खड्डा, ना कुणी मधे घुसणारं. थोडा वेळ नीट चाललं आणि मग कुणीतरी जरासं हळू केलं, मागच्यानं त्याहून जास्त हळू केलं, त्याच्या मागच्यानं अजून, आणि बघता बघता चार-पाच गाड्या पूर्ण उभ्या राहिल्या. पुढच्या सुटल्या की मागच्या उभ्या, असा तो जॅम उलटा मागं मागं सरकत राहिला. आपण हायवेवर पंधरा मिनिटं अडकतो आणि पुढं जाऊन बघतो तर काहीच नसतं, ना ॲक्सिडेंट ना काम, ते हेच. म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर आधीच ठेवा, दोन सेकंदांचं. पुढची गाडी एखाद्या खांबापासून गेली की "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणायचं, त्याच्या आधी आपण खांबापाशी पोचलो तर जवळ आहोत. ८० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, म्हणजे हे ४४ मीटर झाले. पावसात दुप्पट. त्या अंतरात कुणी शिरला तर शिरू द्या, ॲक्सिलरेटर जरा सोडा, परत अंतर तयार होतं. ब्रेकला पायच लावावा लागत नाही.

आता ते वाक्य, ज्याचं तुम्हाला कौतुक आहे. उजव्या लेनमधून ६०-७० नं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अध्यात नसाल ताई, पण तुम्ही सगळ्यांच्या मध्यात आहात! दोन लेनच्या रस्त्यावर उजवी लेन ओव्हरटेकची. तिथं तुम्ही ६० नं बसलात की मागचा डावीकडून ओव्हरटेक करणार, म्हणजे जिथं मोटरसायकली, ट्रॅक्टर, थांबलेल्या काळीपिवळ्या असतात तिथून, आणि परत तुमच्या पुढं कट मारून येणार. ज्या मधे घुसणाऱ्यांचा तुम्हाला त्रास होतो त्यातले निम्मे तुम्हीच तयार करता.

मला माहितीय तुम्ही उजवीकडं का जाता. डाव्या लेनला खड्डे, फाट्यावरून न बघता येणाऱ्या गाड्या, नोव्हेंबर-डिसेंबरात कापसाची ट्रॉली, जी दोन्ही बाजूंनी फुगलेली असते आणि मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. ट्रकवाले पण ह्याच कारणानं उजवी लेन धरून बसतात, नुसता त्यांचा माज नसतो. भीती खरी आहे. त्यावर उपाय असा की डावीकडं चाला, लांबवर नजर ठेवा, ट्रॉली किंवा उभी गाडी दिसली की लांबूनच इंडिकेटर देऊन उजवीकडं या, तिला पार करा, आरशात ती पूर्ण दिसली की परत डावीकडं. कंटाळवाणं आहे खरं. पण मागून कुणी ८०-९० नं आला आणि डावीकडं जागा असेल तर त्याला साईड द्यायची. त्याला कुठं एवढी घाई आहे हे तपासायचं काम आपलं नाही. आमचा एक जुना शेजारी, आयुष्यभर केळीचा ट्रक घेऊन रावेरहून दिल्लीला जायचा, तो म्हणायचा, "कसाले घाई करी ऱ्हायना भो, पुढे काय लगीन शे का?" पण साईड मात्र सगळ्यात आधी तोच द्यायचा.

ट्रकचा विषय निघालाच तर दोन-तीन गोष्टी, ह्या सगळ्याच वाचणाऱ्यांसाठी. भरलेल्या ट्रकच्या पुढं जी मोकळी जागा दिसते ती आपल्यासाठी ठेवलेली नसते, ती त्याची ब्रेकची जागा असते. तिथं कट मारून शिरलो की त्याच्याकडं थांबायला जागाच राहत नाही. ट्रकच्या क्लिनर साईडला, म्हणजे डावीकडं, लांबपर्यंत ड्रायव्हरला काही दिसत नाही, हल्ली बऱ्याच गाड्यांवर क्लिनर पण नसतो सांगायला. त्याच्या आरशात त्याचं तोंड तुम्हाला दिसत नसेल तर तुम्ही त्याला दिसत नाही, एवढं धरून चाला. आणि ट्रकवाल्यानं उजवा इंडिकेटर दिला म्हणजे कधी "जा पुढं" असतं तर कधी "मी उजवीकडं वळतोय" असतं. दोन्ही अर्थ चालतात म्हणून त्याच्यावर विसंबून ओव्हरटेक करू नका, रस्ता स्वतः दिसल्याशिवाय तर नाहीच.

असंच डिपरचं, म्हणजे हेडलाईट लुकलुकवण्याचं. तुम्ही कुणाला जागा द्यायला डिपर मारत असाल तर ते बंद करा. आपल्याकडं डिपर म्हणजे "मी येतोय, तू थांब." इंग्लंडात लोक "या" म्हणून पण मारतात म्हणे, आपल्या भाचे-पुतण्यांनी तिकडून येऊन इथं तसं केलं की घोटाळा होतो. जागा द्यायची असेल तर जरा हळू व्हा, दिवसा असेल तर हात दाखवा, रात्री नुसतं अंतर वाढवा, समोरच्याला कळतं. तुम्हाला कुणी दिली जागा तर हात वर करा. एवढ्यानं माणसाचा पारा उतरतो, मी पाहिलंय, आणि दहापैकी सात ट्रकवाले उलट हात करतात.

सर्व्हिस रोडवरून हायवेला लागताना माझ्यासारखं टोकाला जाऊन उभं राहू नका. हक्क हायवेवरच्या गाडीचा, लागणाऱ्यानं बघून लागायचं, हे खरंच. पण उभं राहून शून्यातून ८० च्या गाड्यांमधे शिरणं सगळ्यात धोक्याचं. पट्टी लांब असेल तर तिच्यावरच स्पीड घ्यायचा, आरसा बघायचा, मग मान वळवून एकदा खांद्यावरून बघायचं कारण आरशात न दिसणारा एक कोपरा असतोच, आणि त्यांच्या स्पीडला येऊन मिसळायचं. समृद्धीवर तर हे फारच लागतं. आपल्याकडचे लोक संभाजीनगरहून नाहीतर शिर्डीहून समृद्धीला चढतात, ७०१ किलोमीटरचा रस्ता, कारला १२० ची परवानगी, १२० ला एका सेकंदात ३३ मीटर, आणि लोक रॅम्पवरून ४० नं येऊन सरळ मधल्या लेनमधे. तिथं तीन लेन आहेत, डावी जड गाड्यांची, मधली चालायची, उजवी ओव्हरटेक करून परत यायची. रस्ता मोकळा दिसतो म्हणून उजवीकडं बसून राहू नका.

एकटीनं पाळून काय उपयोग, असं विचारलंत. त्या जपानच्या गोलात २२ पैकी एकानं अंतर ठेवून सावकाश चालवलं असतं तर त्याच्या मागच्यांना तो धक्का बराच कमी लागला असता, एवढा उपयोग. आणि दुसरा म्हणजे तुमच्या बाजूला मिस्टर बसलेले असतात, तुम्ही चुकता कधी ह्याची वाट बघत.

घरातलं आता. ज्याच्या हातात स्टेअरिंग त्याचा निर्णय, बाजूच्यानं धोका दिसला तरच बोलायचं, "ट्रॉली", "बाई चालतेय", असं एका शब्दात. मोजणी बंद. हे दोघांनाही लागू, म्हणजे ते मोकळ्या लेननं हळू पुढं जात असतील तर तुम्हीपण मान खाली घालायची नाही आणि सुस्कारे सोडायचे नाहीत. कच्च्या पट्टीवर उतरायला लागले तर मात्र बोला, मोठ्यानं बोला. हे सगळं गाडीत ठरवू नका, घरी ठरवा, शेवभाजी-भाकरी झाल्यावर, पोटात काही असलं की आपल्याकडची माणसं ऐकतात. त्यांना सांगा की लेनच्या बाबतीत मी निम्मी बाजू त्यांची घेतलीय, मग ते उरलेली निम्मी ऐकतील. आणि "भित्री" ह्या शब्दाबद्दल, राग आलाय हे त्यांना सांगितलंत का? पत्रात तसं कुठं दिसलं नाही. मला सांगून काय होणार, त्यांना सांगा.

पोराच्या प्रश्नाचं उत्तर पण राहिलंय. त्याला सांगा की मोकळ्या लेनमधे नाही तोडली, कच्च्या पट्टीवर तोडली. नऊ वर्षांच्या पोराला हा फरक व्यवस्थित कळतो. पुढच्या वेळी टोलपाशी त्यालाच काम द्या, "एक त्यांची, एक आपली" मोजायचं. मग पप्पांना मोजायचं काम राहत नाही.

आणि ते १५०० रुपये, जे तुम्ही एका ओळीत उरकलेत. टेम्पो त्याच्या लेनमधे सरळ चालला होता, तुम्ही कच्च्यावरून वर आलात. खालून येणाऱ्यानं थांबायचं असतं, म्हणजे घासलं त्यात त्याची चूक नव्हती. तो बिचारा माल घेऊन निघालेला, कारवाल्याशी वाद घालायला वेळ नाही, दिले असतील आणि गेला असेल. पैसे फोनवर आलेत म्हणजे नंबर आहेच. येत्या शनिवारी नाशिकला निघायच्या आधी परत पाठवा, मिस्टरांच्या फोनवरून, मिस्टरांच्याच हातानं. त्याच्या टेम्पोला पण काही लागलं असेल तर तेपण विचारा.